विल्मा कराचीला गेली

उत्तनजवळच्या चौक गावातल्या जुन्या माणसाला विचारा, बूट म्हणजे काय. पायात घालायचा बूट तो सांगणारच नाही. बूट म्हणजे पोलीस. दारूबंदीच्या काळात पोलीस साध्या कपड्यांत यायचे. कधी मासळीचे व्यापारी बनायचे, कधी कुणाच्या लग्नाला आलेले पाहुणे. धोतर नेसतील, डोक्याला पंचा गुंडाळतील, पण पायातले ते तपकिरी सरकारी बूट काही त्यांच्याकडून सुटायचे नाहीत. आता किनाऱ्यावरच्या रेतीत बूट घालून कोण चालतो? पहिल्या घरातल्या बाईला ते पाय दिसले, की ती मान वर न करता शेजारणीला म्हणायची, "बूट आला." शेजारीण पुढचीला. बूट वाडीच्या मध्यावर पोचेपर्यंत चुली विझलेल्या, पिंपं चिखलात पुरलेली, आणि ज्याच्या नावाने विचारणा व्हायची तो माणूस गावातच नसायचा. "न्हाय. गेला तो. कवाच गेला." कुठे गेला, तर ज्याला जे सुचेल ते: वसईला, वेसाव्याला, मामाच्या घरी. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. पोरं प्रार्थना शिकायची तसं हेही शिकायची.

विल्माला मात्र यातलं काही ठाऊक नव्हतं, कारण विल्मा कराचीची.

चौकात कराचीची सून आली कशी, असं तुम्ही विचाराल. अहो, ती मुळात इथलीच. तिचा बाप शेजारच्या डोंगरी गावचा. इंग्रजांच्या राज्यात गोदीच्या कामाला म्हणून कराचीला गेला. तेव्हा कराची काही परदेश नव्हती. मुंबईला बोटीत बसायचं आणि तिकडे उतरायचं, एवढंच. मग फाळणी झाली. बापाने विचार केला, लागलेली नोकरी सोडून जायचं कुठे? तो तिथेच राहिला आणि एका सकाळी उठला तो सख्ख्या भावांना परका होऊन. विल्मा तेव्हा लहान होती. घरात डोंगरीची बोली, गल्लीत उर्दू आणि शाळेत इंग्रजी, असं तिचं तीन तोंडांचं बालपण गेलं. ती लग्नाची झाली तेव्हा बाप हट्टाला पेटला, की पोर द्यायची ती आपल्याच लोकांत. डोंगरीच्या मॅथ्यूकाकाने चौकातला कॉन्रॅड बघून दिला आणि त्रेसष्ट साली विल्मा बोटीने आली. बरोबर एक पत्र्याची ट्रंक, दोन फ्रॉक आणि पाकिस्तानचा पासपोर्ट.

रीतीप्रमाणे वाजतगाजत विहिरीवरून उंबराचं पाणी आणलं, चर्चमध्ये लग्न लागलं, नाच झाला. सासू कातरीन दुसऱ्याच दिवशी सुनेचे हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहायला लागली. मग चार बायकांत म्हणाली, "हे हात बोंबलाचे न्हाय." बायका हसल्या. विल्माही हसली, पण तिला ते लागलं. तिला हेही कुणीतरी आपणहून सांगून टाकलं, की कातरीनच्या मनात तिच्या भावाची मुलगी होती. ती पाटी डोक्यावर घेऊन धावणारी, आवाजाने खणखणीत. त्यातून विल्मा नवऱ्याला सरळ नावाने हाक मारायची, "कॉन्रॅड" म्हणून, आणि कातरीन दर खेपेला तोंड फिरवायची. कॉन्रॅड बिचारा दोघींच्या मध्ये जाळं विणत बसायचा. त्या माणसाचं सगळ्यावर एकच औषध होतं: "होईल गं."

पण सासूचं काय, सासू कुणालाही असते. विल्माच्या मानेवर बसला होता तो विझा. तीन महिन्यांचा मिळाला, मग वाढवला, मग वर्षाचा झाला, आणि दर वर्षी तो संपायच्या आधी ठाण्याला जाऊन पुन्हा मागायचा. मागायचा म्हणजे मागायचाच, हक्क कसला? बाकावर बसा, उभं राहा, साहेब जेवायला गेलेत, उद्या या. लग्न लागलं, देवासमोर लागलं, पण साहेबासमोर ती अजून पाहुणीच. विझ्यावर लिहिलेल्या गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पोलिसांना सांगून. कॉन्रॅडची चुलत बहीण माहीमला बाळंत झाली, तिला बघायला जायचं तर अर्ज. त्या अर्जाचं उत्तर आलं तेव्हा ते बाळ रांगत होतं.

याने माणसाचं काय होतं, ते ज्याचं त्याला ठाऊक. विल्माला बसवेनासं झालं. भात शिजत असताना ती दारात, दारातून विहिरीवर, विहिरीवरून परत दारात. कॉन्रॅड होडीवर गेला, की तिच्या मनात एकच: आता हा समुद्रात असताना जर कागद आला, निघा म्हणाले, तर? ट्रंक तिने कधी पूर्ण रिकामी केलीच नाही. तळाशी एक फ्रॉक आणि एक चादर घडी करून कायम तयार ठेवलेली. कातरीनने ते एकदा पाहिलं आणि काहीच बोलली नाही. गप्प राहणारी सासू बोलणाऱ्या सासूपेक्षा वाईट, असं विल्माला त्या दिवशी वाटलं.

पासष्टची लढाई लागली आणि कराचीची बोट बंद पडली. चौकातली माणसं विल्माला वावगं काही बोलली नाहीत. त्यांच्या लेखी ती डोंगरीच्या माणसाची पोर, तिचा लढाईशी काय संबंध? पण भाईंदरला पोलीस चौकीत हजेरी द्यायला जावं लागायचं. कॉन्रॅड ऐन हंगामात होडी दुसऱ्याच्या हवाली करून तिच्याबरोबर यायचा. मिठागरांच्या बाजूने दोघं चालायची. ती पुढे, तो मागे, कारण तिची चाल त्याला झेपायची नाही. एकदा तो दमून म्हणाला, की आपण काही पळून चाललो नाही. विल्मा थांबली आणि म्हणाली, की तुला काय, तू कुठेही उभा राहिलास तरी तुझ्याच जमिनीवर असतोस. तो दम खात पुन्हा तिच्या मागे चालायला लागला.

लढाई संपल्यावर ठाण्याच्या कचेरीतल्या एका भल्या कारकुनाने त्यांना सांगितलं, की दर वर्षी असे खेटे घालण्यापेक्षा सरळ नागरिकत्वाचा अर्ज करा. नवरा भारतीय आहे, बायकोची नोंदणी होऊ शकते. दोघांना वाटलं, अरे, एवढंच? त्या दिवशी ठाण्याच्या तलावाकाठी बसून त्यांनी ब्रेड आणि केळी खाल्ली आणि लग्नानंतर पहिल्यांदा कॉन्रॅडने भर रस्त्यात तिचा हात धरला.

एवढंच नव्हतं. अर्ज गेला, आणि मग शांतता. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला, की कागद मुंबईत फिरतोय. झालं होतं असं, की बापाने कराचीत पहिला विझा मागताना पत्ता लिहिला होता, 'डोंगरी, मुंबई'. कराचीहून बघणाऱ्याला भाईंदर काय आणि उत्तन काय, सगळी मुंबईच. पण मुंबईत भर शहरात एक डोंगरी आहे आणि तिच्यात हजार गल्ल्या. तिथे कुणीतरी विल्माला शोधत फिरलं असणार. ती काय सापडते? कॉन्रॅडने कपाळाला हात लावला. पत्ता बदलायला अर्ज, अर्जाला उत्तर, यात पुन्हा वर्ष गेलं. तोवर त्यांना मुलगी झाली. तिचं नाव मॅबेल. ती जन्मानेच भारतीय. मायलेकी एका पथारीवर निजायच्या, पण सरकारच्या हिशेबाने एक या देशातली आणि एक त्या. विल्मा पोरीला छातीशी घेऊन विचार करायची, की मला घालवलं तर हिला बरोबर नेऊ देतील का? आणि दिलंच, तर हिने तरी काय पाप केलंय?

शेवटी एकोणसत्तरच्या सुरुवातीला कळलं, की पत्ता दुरुस्त झालाय, आता चौकशीला सरकारी माणूस घरी येईल. बाई इथेच राहते का, नवऱ्याबरोबर नांदते का, शेजाऱ्यांना विचारून लिहून नेईल, की काम झालं. विल्माने अंगण सारवलं. दोन कपबशा धुऊन फळीवर वेगळ्या ठेवल्या. वाडीतही सगळ्यांना सांगून ठेवलं, की सरकारी माणूस येणार आहे, त्याला आपलं घर दाखवा. वाडीने मान डोलावली. आता वाडीच्या डोक्यात सरकारी माणूस म्हणजे जीपमधून उतरणारा, पँटवाला, काखेत फाइल, मागे शिपाई. तसा माणूस यायची सगळे वाट बघत राहिले.

आला तो भाईंदरच्या चौकीत नव्याने बदलून आलेला महिपत जमादार. रत्नागिरीकडचा, पोटाने सुटलेला, निवृत्तीला टेकलेला माणूस. उन्हाचा म्हणून सदरा आणि लेंगा घालून आला, एसटीने उतरला आणि पायी वाडीत शिरला. पायात अर्थातच बूट.

विल्मा त्या वेळी घरामागे वलांडीवर, म्हणजे वाळवणाच्या दोऱ्यांवर, बोंबील टाकत होती. एव्हाना तिच्या हातांना ते काम आलं होतं. पलीकडून शेजारणीचा दबका आवाज आला, "बूट आला." इतक्या वर्षांत तिलाही याचा अर्थ कळला होता. कुणाच्या तरी भट्टीवर धाड, दुसरं काय? जमादार वगैरे तिच्या मनातही आलं नाही. कातरीन पुढच्या दारातून धावत मागे आली, तिने विल्माच्या दंडाला धरलं आणि सुक्या मासळीच्या खोलीत ढकललं. म्हणाली, आवाज करू नको. विल्मा मॅबेलला घेऊन अंधारात पोत्यांच्या मागे बसली. पोर कुरकुरायला लागली तेव्हा तिने तिच्या तोंडावर हात ठेवला. बाहेर बोलणी ऐकू यायची, शब्द कळायचे नाहीत. बऱ्याच वेळाने कातरीनने कडी काढली. विल्माने विचारलं, कोण होतं? "कोण न्हाय, दारूबंदीवाले," एवढं बोलून कातरीन चुलीकडे गेली.

म्हणजे बघा. ज्याची वाट बघत बाईने अंगण सारवलं, कपबशा धुतल्या, तो दारात येऊन गेला, आणि ही त्याच्यापासूनच लपून बसली, तेही पोरीचं तोंड दाबून.

विझ्याची मुदत संपत आली तशी दोघं ठाण्याला गेली. तो भला कारकून बदलून गेला होता. नव्याने कागद काढले, पाहिले, आणि मान वर करून विचारलं, की तुम्ही कोण? विल्माने नाव सांगितलं. तो म्हणाला, ही बाई तर देश सोडून गेली, अर्ज निकाली निघाला. कॉन्रॅडला आधी कळेचना. विल्माला मात्र लगेच कळलं. मेज समोर, कडेवर पोर, शेजारी नवरा, आणि कागदोपत्री ती कराचीत. कॉन्रॅड चढ्या आवाजात बोलायला लागला तेव्हा आतून साहेब आले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की पोलिसांचा अहवाल आहे. तो चुकला असेल तर पोलिसांकडूनच दुरुस्त करून आणा. मुदत मी महिन्यापुरती वाढवतो. तेवढ्यात अहवाल बदलला नाही, तर बाईंना निघावं लागेल. बोट बंद होती, सरहद्दीवरून जावं लागणार होतं. साहेबांनी तेही सांगितलं, न विचारता.

परत येताना विल्मा एका जागी बसली नाही. गाडी बदलताना फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालत राहिली. भाईंदरला उतरून दोघं तडक चौकीत गेली. महिपत जमादार भेटला. त्याने विल्माला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्यालाच वाईट वाटलं. म्हणाला, बाई, मी पाच घरं विचारली. पाचही घरांनी एकच सांगितलं, की ती कराचीला गेली, कवाच गेली. शेवटी तुमच्या घरी गेलो. तुमच्या सासूनेच तसं सांगितलं आणि खाली अंगठा दिला. आता घरच्या माणसानेच सांगितल्यावर मी आणखी काय शोधणार?

कॉन्रॅडने बायकोकडे पाहिलं. विल्मा तोवर दाराबाहेर पडली होती. चौकापर्यंतच्या एसटीत तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: हे हात बोंबलाचे न्हाय. इतकी वर्षं झाली, हातांची सालं निघाली, तरी म्हातारीने मला मनातून घेतलं नाही. संधी मिळाली आणि पाठवून दिली. जिभेवरच पाठवली, पण पाठवली. आणि मला मासळीच्या खोलीत कोंडून पाठवली! तिला इतका संताप आला, की स्टँड यायच्या आधीच ती उभी राहिली.

कातरीन ओट्यावर बसून कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडत होती. विल्मा समोर जाऊन उभी राहिली. कॉन्रॅड मध्ये पडू बघत होता, त्याला तिने हाताने मागे सारलं.

"आय, तुम्ही मला घालवलंत ना? एकदा तोंडाने सांगायचं होतं. मी आपली आपण गेले असते."

कातरीनचे हात थांबले. ती सुनेच्या तोंडाकडे नाही, तिच्या पायांकडे बघत होती. मग बोलली ते तिच्या नेहमीच्या आवाजात नव्हतं.

"बुटानं तुझं नाव घेतलं. मना वाटलं, न्यायला आलंय."

आणि मग तिने जे सांगितलं, ते कॉन्रॅडलासुद्धा नीट माहीत नव्हतं. तो पोटात होता तेव्हाची गोष्ट. असेच दोन बूट आले होते, तिच्या नवऱ्याचं नाव घेऊन. ती तेव्हा कोवळी, दुसऱ्या गावाहून नवी आलेली. तिला गावची रीत माहीत नव्हती. आहे का विचारलं, ती म्हणाली, हाय, आत निजलाय. ते आत गेले आणि निजलेल्या माणसाला उठवून घेऊन गेले. गुन्हा दुसऱ्याचा होता, हे मागाहून कळलं. काही महिन्यांनी नवरा परत आला तो खोकत आला आणि कॉन्रॅड चालायला लागायच्या आधीच वारला. वाडीने तिला कधी दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून तिने बुटाला कुणाच्याही बाबतीत 'हाय' म्हटलं नव्हतं. मग सुनेच्या बाबतीत कशी म्हणणार होती? आणि नंतर विल्माला सांगितलं नाही ते एवढ्यासाठी, की ती आधीच रात्रंदिवस दारात, आणखी घाबरली तर वेडी होईल.

विल्मा ओट्याच्या कडेला टेकली. राग कुठे ठेवावा ते तिला कळेना. तो एकदम जातोय थोडाच! रात्री पाठ फिरवून निजली तेव्हाही मनात येतच होतं, की हे खरं कशावरून? म्हातारी बोलायला हुशार आहे. दुसऱ्या दिवशी तिने भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी कातरीनने न सांगता तिच्या वाटणीचे बोंबील उलटले. दोघी बोलत नव्हत्या, आणि महिना तर चाललाच होता.

कॉन्रॅडने चौकीत खेटे घातले, फादरांची चिठ्ठी नेली, जमादाराच्या हातापाया पडला. जमादार म्हणाला, येतो पुन्हा, पण एक लक्षात ठेवा. आधी एक आणि आता एक, असं असलं की वरचे विचारतात. फादरांनी रविवारी मिस्सानंतर सांगितलं, की ह्या खेपेला बूट येईल तेव्हा खरं बोला. वाडीत हशा पिकला, पण माणसं अस्वस्थ झाली. खरं बोलायची सवय नव्हती असं नाही, बुटाशी बोलायची नव्हती.

जमादार आला. वाडी इतकी तयार होऊन बसली होती, की त्याने कुणाचंही नाव घ्यायच्या आधी पहिल्या घरातून आवाज आला, हाय हाय, ती हितंच हाय! दुसऱ्या घरानेही तेच. एका म्हाताऱ्याने तर ती कधी कुठे गेलीच नव्हती, जन्मापासून हितंच हाय, असं ठोकून दिलं. जमादाराने डोक्याला हात लावला. विल्मा दारात उभी होती, मॅबेल तिच्या पायाला बिलगलेली. जमादाराने तिला पाहिलं, पासपोर्ट पाहिला आणि म्हणाला, बाई आहे हे दिसतंय हो मला. पण आज आहे म्हणून मधल्या काळात गेलीच नव्हती, हे कसं लिहू? पढवलेली माणसं काहीही बोलतील. मग तो आत, चुलीजवळच्या कातरीनकडे वळला.

"आजी, मागे तुम्ही अंगठा दिलात की सून कराचीला गेली. आज सगळे म्हणतात, इथेच आहे. यातलं खोटं कुठलं? पोलिसाला खोटं सांगणं हा गुन्हा आहे, ठाऊक आहे ना?"

कातरीन आतून चुलीजवळून उठून आली. बूट दिसला की ही बाई खिडकीआड जायची. ती उंबरा उतरून त्या बुटांच्या समोर येऊन उभी राहिली. हात लुगड्याला पुसले.

"तवा खोटं बोलले. मीच बोलले, तिनं न्हाय. तिला मी कोंडून ठेवलेली. मना घेऊन जा, तिला ऱ्हाऊ दे."

आणि ती नुसती बोलली नाही. तिने कमरेची किल्ली काढून विल्माच्या हातात दिली. ती मासळीच्या खोलीची किल्ली होती, आजवर कुणाला न दिलेली. मॅबेलच्या डोक्यावर हात फिरवला आणि पदर खोचून एसटीच्या रस्त्याने चालायला लागली, जमादाराच्या पुढे. आपल्याला आता नेणार, याबद्दल तिला शंकाच नव्हती. नवऱ्याला नेलं तशी आता आपली पाळी, एवढंच तिला समजलं होतं. जमादार बघतच राहिला. मग त्याला मागून धावावं लागलं. बूट रेतीत रुतत होते, म्हातारी अनवाणी झपाझप चालत होती. त्याने तिला गाठलं तेव्हा त्याला बोलायला दम नव्हता. त्याच्या आधी विल्मा पोचली होती. तिने सासूला मागून मिठी मारली आणि रस्त्यातच रडायला लागली. किती वर्षांचं रडणं होतं ते, कोण सांगणार? कातरीन मात्र ओरडत होती, की सोड, एसटी जाईल.

जमादाराने काय लिहिलं ते कुणाला कळलं नाही. त्याने विल्माच्या हातचा चहा घेतला, वेगळ्या ठेवलेल्या कपबशीतून, आणि कातरीनचा नवा अंगठा घेऊन गेला. मुदत संपायच्या आत ठाण्याहून निरोप आला, की अर्ज पुन्हा उघडला आहे.

सत्तरच्या पावसाळ्यानंतर विल्माने ठाण्याला शपथ घेतली आणि पासपोर्ट मेजावर ठेवला. कराचीत आई होती. आता आईला भेटायचं, तर परक्या देशाचा विझा मागून, आणि तो कोण देतो? ती आईला पुन्हा पाहणार नव्हती आणि हे तिला त्याच वेळी पुरतं कळलं होतं. कॉन्रॅड शेजारी उभा होता. तो "होईल गं" म्हणाला नाही. तलावाकाठी त्यांनी पुन्हा ब्रेड आणि केळी घेतली, पण खाल्ली ती मॅबेलने.

घरी आल्यावर विल्माने ट्रंक रिकामी केली. फ्रॉक कापून मॅबेलचे दोन झगे केले. तरी बसवेनासं झालेलं शरीर लगेच थोडंच बसतंय? ठाण्याचं पाकीट आलं नाही म्हणूनही ती दारात जायची. मग आठवायचं, की आता पाकीट यायचंच नाहीये.

निवडणुका जवळ आल्या होत्या. एके दिवशी दुपारी ती घरापुढे बोंबील उलटत होती. सासू आत पडलेली, हल्ली तिचे गुडघे धरले होते. पलीकडून शेजारीण हलकेच म्हणाली, "बूट आला." विल्माने मान वर केली नाही. रेतीत बूट दिसले, तपकिरी, कोरे करकरीत. खरं तर तो भाईंदरच्या शाळेतला मास्तर होता, मतदारांची नावं लिहून घेत फिरणारा. नुकतंच लग्न झालेलं, बूट सासऱ्याने दिलेले. पण विल्माला बूटच दिसले.

मास्तर वहीत बघून म्हणाला, "कॉन्रॅडची बायको विल्मा इथेच राहते ना?"

विल्माचा हात बोंबलावरून हललाही नाही.

"न्हाय," ती म्हणाली. "गेली ती. कवाच गेली."

मास्तरने "बरं" म्हटलं, पेन्सिल कानावर ठेवली आणि पुढच्या घराकडे वळला. विल्माने दुसरा बोंबील उलटला. आपण काय बोललो ते तिच्या डोक्यात शिरायच्या आत घरातून धडपडल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, आणि कातरीन भिंतीला धरून दारात आली. तिने सगळं ऐकलं होतं. उभ्या आयुष्यात तिने बुटाला एकदाच बोलावून थांबवलं असेल, ते तेव्हा.

"ओ बूटवाले," ती ओरडली, "हाय ती! हितंच हाय! लिवा!"